सकाळी न उठणारे मूल आणि घराची रात्र

फज्रची अजान होऊन गेलेली असते. अम्मी पहिली हाक मारते, थोड्या वेळाने दुसरी. सहा वाजता पांघरूण ओढले जाते, सव्वासहाला आवाज चढतो आणि साडेसहाला मूल डोळे चोळत, दप्तर खांद्यावर अडकवून, काही न खाता घराबाहेर पडते. नमाज गेलेली, न्याहारी गेलेली आणि जाताना कानावर पडलेला शेवटचा शब्द 'आळशी' हा! शाळेत पहिल्या दोन तासिका जांभया देण्यात जातात. दुपारी घरी आल्यावर ते अंग टाकते, रात्री मात्र बारा वाजले तरी जागेच असते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आपल्या पुष्कळ घरांत हे रोज घडते आणि त्यावर दोन तऱ्हेची उत्तरे दिली जातात. काही पालक म्हणतात, मुलाचे ईमान कमजोर आहे, सैतान त्याला उठू देत नाही. काही म्हणतात, बिचारे अभ्यासाने थकते, झोपू द्या, नमाज नंतर अदा करील. पहिल्या उत्तरात मुलाविषयी दया नाही, दुसऱ्या उत्तरात नमाजविषयी आस्था नाही. परंतु दोन्ही उत्तरांमध्ये एक चूक समान आहे. दोन्ही फक्त सकाळकडे पाहतात. पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीत या प्रश्नाचे उत्तर सकाळी सुरू होत नाही, ते आदल्या दिवशीच्या संध्याकाळी सुरू होते.

खैबरहून परततानाची एक रात्र

हिजरी सन ७ मध्ये खैबरच्या मोहिमेहून परतताना घडलेली एक घटना सहीह मुस्लिममध्ये नोंदलेली आहे. पैगंबर (स.) आणि त्यांचे सोबती रात्रभर चालत होते. शेवटी झोप अनावर झाली, तेव्हा रात्रीच्या अखेरच्या भागात मुक्काम करण्यात आला. झोपण्यापूर्वी पैगंबरांनी (स.) हजरत बिलाल (रजि.) यांच्यावर पहाटेची वेळ राखण्याची जबाबदारी सोपविली. हजरत बिलाल (रजि.) यांनी शक्य होते तितकी नमाज अदा केली. पहाट जवळ आली तेव्हा पूर्वेकडे तोंड करून ते आपल्या सांडणीला टेकून बसले आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. उन्हाचा चटका बसेपर्यंत कोणालाच जाग आली नाही. सर्वांत आधी स्वतः पैगंबर (स.) जागे झाले. ते दचकले आणि त्यांनी बिलाल (रजि.) यांना हाक मारली. बिलाल (रजि.) यांनी उत्तर दिले की, ज्याने आपला प्राण धरून ठेवला होता त्यानेच माझाही प्राण धरून ठेवला.

या ठिकाणी थोडे थांबावे. कामगिरी सोपविलेला माणूस झोपी गेला होता आणि संपूर्ण काफिल्याची फज्र वेळेवर होऊ शकली नव्हती. तरीही बिलाल (रजि.) यांना कोणी आळशी म्हटले नाही, चारचौघांत त्यांचा पाणउतारा झाला नाही. पैगंबरांनी (स.) काफिला थोडा पुढे नेण्यास सांगितले, वुजू केले, त्याच बिलाल (रजि.) यांना इकामत देण्यास सांगितले आणि जमातीने फज्र अदा केली. नमाज विसरलेल्याने आठवण होताच ती अदा करावी, असेही त्यांनी सांगितले.

अशाच एका प्रवासाचे कथन हजरत अबू कतादा (रजि.) यांनी केले आहे. आपल्या हातून झालेल्या या कसुरीचे प्रायश्चित्त काय, अशी कुजबूज लोकांत सुरू झाली, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना समजाविले की, झोपेत कसूर होत नसते, कसूर होते ती जागेपणी. (मुस्लिम, अबू दाऊद, तिर्मिजी)

या शिकवणीचा आधार घेऊन कोणी निर्धास्तपणे पहाट झोपेत घालवावी, असा तिचा अर्थ नाही. त्या रात्री झोपण्यापूर्वी उठण्याची व्यवस्था करण्यात आली होती, एक विश्वासू माणूस राखणीला बसविण्यात आला होता. जागेपणी जे करायचे ते सर्व केले गेले होते, म्हणूनच झोपेतील चुकीचा दोष उरला नाही. जो माणूस रात्री एक वाजेपर्यंत मोबाइलवर बोटे फिरवीत बसतो आणि मग सकाळी जागच आली नाही म्हणतो, त्याची कसूर सकाळची नसते, ती रात्री अकरा ते एक या दोन तासांची असते. आणि मूल लहान असेल तर त्या दोन तासांचा जाब आधी घरातील मोठ्यांकडे जातो. शरीअतने झोपलेल्याला जागा होईपर्यंत आणि मुलाला वयात येईपर्यंत हिशेबातून वगळले आहे. आईवडिलांना मात्र त्यांच्या कळपाचे राखणदार ठरविले आहे.

कुरआनने आखून दिलेली रात्र

अल्लाहने झोपेची गणना आपल्या निशाण्यांमध्ये केली आहे. (अर-रूम : २३) झोपेला विश्रांतीचे साधन, रात्रीला आवरण आणि दिवसाला उपजीविकेचा समय बनविल्याचा उल्लेख सूरह अन-नबामध्ये आहे. (आयती ९ ते ११) या आयती आपल्यापैकी अनेकांना पाठ असतात, कारण त्या शेवटच्या पाऱ्यात आहेत. परंतु मुलाला त्या पाठ करून घेण्यासाठी रात्री साडेदहापर्यंत बसविणाऱ्या पालकांच्या मनात त्यांचा अर्थ उतरला आहे काय, असा प्रश्न पडतो.

सूरह अन-नूरमधील ५८ वी आयत याहून सविस्तर आहे. घरातील अल्पवयीन मुलांनी मोठ्यांच्या खोलीत परवानगीशिवाय जाऊ नये, अशा तीन वेळा तिच्यात सांगितल्या आहेत: फज्रपूर्वी, दुपारी कपडे उतरवून विसावा घेतला जातो तेव्हा, आणि इशाच्या नमाजनंतर. आयतीचा हेतू लज्जारक्षणाचा आहे, हे खरेच. परंतु तिच्यातून मोमिनाच्या घराचे वेळापत्रकही दिसते. इशानंतर घर शांत होते, फज्रपर्यंत शांत असते आणि दुपारी पुन्हा थोडे विसावते. हजरत अबू बर्जा (रजि.) यांच्या कथनानुसार पैगंबर (स.) इशापूर्वी झोपणे आणि इशानंतर गप्पा मारीत बसणे या दोन्ही गोष्टी नापसंत करीत. (बुखारी) विद्वानांनी ज्ञानचर्चा, पाहुण्याचे आदरातिथ्य आणि घरच्यांशी आवश्यक बोलणे यांना त्यातून सूट दिली आहे, परंतु सूट ही सूट असते, तो नित्यक्रम नव्हे.

हजरत जाबिर (रजि.) यांच्या कथनात आणखी एक तपशील आहे. अंधार पडू लागला की मुलांना घरात आवरून घ्यावे, दरवाजे लावावेत, भांडी झाकावीत आणि झोपताना दिवे विझवावेत. (बुखारी) त्या काळी दिव्याने आग लागण्याचे भय होते आणि दुसऱ्या हदीसमध्ये ते कारण स्पष्टपणे आलेही आहे. आज आपल्या हातात जो दिवा आहे त्याने घराला आग लागत नाही, पण झोप मात्र जळते. संध्याकाळनंतर अंधार पडला की मेंदू मेलाटोनिन नावाचे द्रव्य स्रवू लागतो आणि शरीराला झोपेची सूचना मिळते. डोळ्यांसमोर धरलेला प्रखर पडदा ही सूचना लांबणीवर टाकतो. त्याहून अधिक नुकसान त्या पडद्यावर जे पाहिले जाते त्याचे, कारण एक चित्रफीत संपण्याआधीच दुसरी सुरू होते आणि थांबण्याची जागाच नसते. म्हणून इशानंतर घरातील सर्व फोन एका ठिकाणी ठेवावेत, मोठ्यांचेसुद्धा! अब्बांचा फोन उशाशी आणि मुलाचा कपाटात, हा न्याय मूल मनातून कधीच मान्य करीत नाही.

मात्र केवळ मोबाइलला दोष देऊन हा विषय संपत नाही. आपल्या घरांची रात्र लांबण्यामागे खऱ्या अडचणी आहेत. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर काम करणाऱ्या घरांत पाळीच्या वेळेनुसार कोणी रात्री येतो, कोणी रात्री निघतो. शहरात एकाच खोलीत सहा-सात माणसे राहतात आणि शेवटचा माणूस झोपेपर्यंत पहिल्या मुलाच्या डोळ्यांवरचा दिवा विझत नाही. दुकानदार वडील साडेदहाला घरी येतात, जेवण अकराला होते आणि वडील दिसावेत म्हणून मुलेही जागत बसतात. कोकणात वेगळीच तऱ्हा आहे. वडील आखातात असतात. सौदी अरबची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. तेथे नऊ वाजता काम आटोपून त्यांनी फोन लावला की रत्नागिरीत साडेअकरा झालेले असतात. त्या फोनची वाट पाहणाऱ्या मुलाला झोपायला सांगणे कोणत्या आईला जमेल?

या अडचणींवर एकच एक उपाय नाही, पण प्रत्येकीवर काहीतरी उपाय आहे. वडिलांचा मोठा फोन जुम्याच्या सुटीवर ठेवता येतो आणि इतर दिवशी वडिलांनी आवाजाचा निरोप पाठविला तर मूल तो सकाळी न्याहारीच्या वेळी ऐकू शकते. मगरिबनंतर मुलांना जेवू घालून वडिलांसाठी वेगळे ताट झाकून ठेवता येते. एका खोलीच्या घरात इशानंतर मोठा दिवा बंद करून लहान दिवा ठेवता येतो आणि बोलणे हलक्या आवाजात करता येते. यांपैकी कोणत्याही गोष्टीला पैसा लागत नाही. लागतो तो मोठ्यांचा निश्चय, आणि तो पैशाहून दुर्मीळ आहे.

शरीराचा हक्क किती तासांचा?

हजरत सलमान (रजि.) यांनी आपले बंधू अबू दरदा (रजि.) यांना रात्रभर नमाज अदा करण्यापासून रोखले आणि तुझ्या प्रभूचा, तुझ्या स्वतःचा आणि तुझ्या घरच्यांचा तुझ्यावर हक्क आहे, असे समजाविले. पैगंबरांनी (स.) सलमान (रजि.) यांचे म्हणणे खरे ठरविले. (बुखारी) मस्जिदीत दोन खांबांना बांधलेली दोरी त्यांनी एकदा पाहिली. हजरत जैनब (रजि.) नमाजमध्ये थकल्या की तिचा आधार घेतात, असे कळल्यावर त्यांनी ती सोडावयास लावली आणि अंगात तरतरी असेपर्यंतच नमाज अदा करावी, थकल्यावर बसावे, असे सांगितले. ज्याला नमाजमध्ये डुलकी येत असेल त्याने आधी झोप पूर्ण करावी, अशीही शिकवण आहे, कारण गुंगीत माणूस क्षमायाचना करण्याऐवजी स्वतःलाच शाप देऊन बसेल. (बुखारी) ऐच्छिक उपासनेसाठी शरीर असे ताणू दिले गेले नाही, तर शिकवणीच्या वर्गासाठी ते ताणण्याची मुभा आपण कोठून घेतली?

वैद्यकशास्त्रानुसार ६ ते १२ वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास झोप आवश्यक असते. किशोरवयाची आणखी एक अडचण आहे. या वयात शरीरातील घड्याळ नैसर्गिकपणे तास-दोन तास पुढे सरकते, त्यामुळे नऊ वाजता झोपणाऱ्या मुलाला चौदाव्या वर्षी साडेदहापर्यंत झोपच येत नाही. यात त्याचा हट्ट नसतो. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये निर्णय काढून पूर्व-प्राथमिक ते इयत्ता चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरविण्यास सांगितले, ते लहान मुलांची झोप पुरी व्हावी म्हणूनच. परंतु ज्यांचे घड्याळ खऱ्या अर्थाने पुढे सरकलेले असते, त्या आठवी ते दहावीच्या मुलांची सकाळची शाळा अद्याप पुष्कळ ठिकाणी सातलाच भरते.

आता आपल्या घराचा हिशेब मांडून पाहू. जूनअखेर मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सव्वासातनंतर मावळतो. नागपूरकडे दोन्ही वेळा सुमारे पंचवीस मिनिटे आधी येतात. इशाची जमात नऊला धरली आणि मूल पावणेदहाला झोपले, तर फज्रसाठी सव्वापाचला उठेपर्यंत त्याची साडेसात तास झोप होते. किमान गरजेला अर्धा तास कमी पडतो, तो दुपारी भरून निघू शकतो. तेच मूल बाराला झोपले तर सव्वापाच तास उरतात. रोज पावणेतीन तासांची तूट, शाळेच्या सहा दिवसांत सोळा तासांहून अधिक! हे कर्ज घेऊन वर्गात बसलेल्या मुलाला मास्तर मंद म्हणतात आणि घरचे आळशी म्हणतात. जानेवारीत मात्र सूर्योदय सव्वासातपर्यंत लांबतो, इशा लवकर होते आणि याच मुलाला नऊ तासही सहज मिळू शकतात. म्हणजे हिवाळ्यात तक्रारीला जागा नाही आणि उन्हाळ्यात दुपारच्या झोपेशिवाय गत्यंतर नाही.

ही दुपारची झोप, म्हणजेच कैलूला, आपण वृद्धांसाठी राखून ठेवली आहे. वास्तविक सहाबांच्या (रजि.) जीवनात ती नित्याची होती. जुम्याच्या दिवशी जेवण आणि विसावा नमाजनंतर होत असे, असे हजरत सहल बिन सअद (रजि.) सांगतात. (बुखारी) सकाळच्या शाळेतून आलेल्या मुलाने जुहर अदा करून, जेवून अर्धा-पाऊण तास झोपावे. अस्रनंतर तीन तास झोपणे निराळे, त्याने रात्रीची झोप मोडते. मक्तबची वेळ दुपारी दोनची असेल तर ती अस्रनंतर घेण्याची विनंती मस्जिदीच्या कमिटीला करता येईल. कमिटीतही मुलांचे आईबापच असतात. रविवारी दहापर्यंत झोपण्याची सवलतही फार उपयोगाची नसते, कारण सोमवारी शरीराला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आळस की आजार?

आमच्या परिचयाच्या एका घरातील दहावीची मुलगी वर्षभर सकाळी उठत नव्हती. तिला पाण्याचे शिपके मारून झाले, बोलणी बसली, फोन काढून घेतला. एका आलिमांकडून दम करून आणण्यात आला. जिना चढताना तिला धाप लागे, पण वजन वाढल्याने असेल असे सर्वांना वाटले. शेवटी तिच्या खाला दवाखान्यात घेऊन गेल्या. हिमोग्लोबिन साडेआठ निघाले. या वयाच्या मुलीत ते किमान बारा असावे लागते. वर्षभर घर ज्याला आळस म्हणत होते, ते रक्त कमी असण्याचे दुखणे होते.

हे घर अपवाद नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत भारतातील १५ ते १९ वयोगटाच्या सुमारे ५९ टक्के मुली आणि ३१ टक्के मुलगे रक्तक्षयाने ग्रस्त आढळले. शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी दिली जाते ती याचसाठी. मुले ती दप्तरात टाकून घरी आणतात किंवा फेकून देतात. पालकांनी विचारपूस करावी आणि गोळी जेवणानंतर घेण्यास सांगावे. मांस, कलेजी, पालेभाज्या आणि डाळी यांत लोह असते. भाजीवर लिंबू पिळल्याने ते शरीरात चांगले मुरते आणि जेवणाबरोबर घेतलेला चहा ते मुरू देत नाही. आपल्याकडे चहा-पाव हीच मुलांची न्याहारी असते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. मुलीला मासिक पाळीत रक्तस्राव अधिक होत असेल तर ती लाजेने सांगत नाही. आईने स्वतः विचारले पाहिजे.

रक्त ठीक असूनही थकवा जात नसेल तर इतर कारणे शोधावी लागतात. थायरॉइडचा दोष, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, टॉन्सिल वाढल्याने रात्री घोरणे आणि श्वास अडखळणे ही त्यांपैकी काही. घोरणारे मूल दहा तास झोपले तरी शिणलेलेच उठते. तहान आणि लघवी वाढून वजन घटत असेल तर मधुमेहाची तपासणी तातडीने करावी. संध्याकाळी बारीक ताप आणि रेंगाळणारा खोकला असेल तर क्षयाची. आणि काही वेळा शरीर निरोगी असते, पण मन उठत नाही. शाळेत कोणी छळत असेल, परीक्षेचे भय बसले असेल, घरातील भांडणे रात्री कानांवर येत असतील, अथवा खोल निराशेने घेरले असेल, तर सकाळ नकोशी होते. अशा मुलाला उपदेशाआधी जवळ बसवून ऐकणारे माणूस हवे असते आणि गरज पडल्यास मनाचा डॉक्टरही. दम आणि दुआ यांना त्यांचे स्थान आहे, पण उपचार करण्याची आज्ञाही पैगंबरांनीच (स.) दिली आहे आणि अल्लाहने प्रत्येक रोगावर औषध उतरविल्याचेही त्यांनीच सांगितले आहे.

आधी विचारावे, मग निवाडा करावा, याचा एक नमुना अबू दाऊदमध्ये आहे. हजरत सफवान बिन मुअत्तल (रजि.) सूर्योदयापर्यंत झोपतात आणि फज्र वेळेवर अदा करीत नाहीत, अशी तक्रार त्यांच्या पत्नीने पैगंबरांसमोर (स.) केली. सफवान (रजि.) तेथेच होते. पैगंबरांनी (स.) त्यांना खुलासा विचारला. आमच्या घराण्याची ही प्रकृतीच सर्वांना ठाऊक आहे, सूर्य उगवेपर्यंत आम्हाला जागच येत नाही, असे त्यांनी सांगितले. त्यांना इतकेच फर्माविण्यात आले की, जाग येताच नमाज अदा करावी. हदीसच्या भाष्यकारांनी त्यांची गणना खऱ्या विवशतेत केली आहे, म्हणून हा सर्वांसाठी परवाना ठरत नाही. परंतु तक्रार झाली, म्हणून निकाल दिला गेला नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार होती त्याला आधी बोलू दिले गेले. आपल्या घरात मुलाला आपण कधी विचारतो काय, की तुला रात्री झोप केव्हा लागते?

मुलींविषयी

एका गोष्टीची वेगळी नोंद करणे भाग आहे. अनेक घरांत मुलगा जेवून झोपतो आणि त्याच वयाची बहीण भांडी, ओटा, पाणी भरणे आटोपून अकराला अंथरुणाला पाठ टेकते. सकाळी तीच आधी उठावी, अशी अपेक्षा असते, कारण डबे करायचे असतात. ती उशिरा उठली की सासरी काय करशील, हा प्रश्न तयार असतो. संततीत न्याय करण्याची ताकीद हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्या कथनात आली आहे ती एका देणगीच्या संदर्भात, पण झोप ही देणगी नव्हे काय? पैगंबर (स.) घरात असताना घरच्यांच्या कामात हातभार लावीत, असे हजरत आयशा (रजि.) सांगतात. (बुखारी) ही सुन्नत मुलांनी अंगीकारली तर बहिणीला रात्रीचा एक तास परत मिळेल.

पैगंबरांच्या (स.) स्वतःच्या लेकीचा थकवा हदीसने जपून ठेवला आहे. जाते दळून हजरत फातिमा (रजि.) यांच्या हातांना त्रास होऊ लागला, तेव्हा त्या सेवक मागण्यासाठी गेल्या. वडील भेटले नाहीत, म्हणून निरोप ठेवून आल्या. पैगंबर (स.) रात्री स्वतः त्यांच्या घरी आले. पतिपत्नी अंथरुणावर होते, ते उठू लागले तर त्यांनी उठू दिले नाही, दोघांच्या मध्ये बसले आणि झोपताना सुबहानल्लाह ३३ वेळा, अल्हम्दुलिल्लाह ३३ वेळा व अल्लाहु अकबर ३४ वेळा म्हणावयास शिकविले, हे सेवकापेक्षा उत्तम आहे असे सांगितले. (बुखारी, मुस्लिम) ही तसबीह आपण मुलांना शिकवितो. परंतु थकलेल्या लेकीच्या उशाशी येऊन बसलेल्या पित्याकडे आपले लक्ष जात नाही.

हाक कशी मारावी

हजरत अनस (रजि.) दहाव्या वर्षी पैगंबरांच्या (स.) सेवेत आले आणि दहा वर्षे राहिले. या काळात त्यांना 'उफ'देखील ऐकावे लागले नाही. अमुक का केले आणि अमुक का केले नाही, असेही त्यांना कधी विचारले गेले नाही. किशोरवयाची सगळी वर्षे त्यांत आली. पत्नीने पतीला किंवा पतीने पत्नीला रात्रीच्या नमाजसाठी उठविताना चेहऱ्यावर पाणी शिंपडण्याची जी हदीस आहे, ती अल्लाहच्या कृपेच्या दुआने सुरू होते. तांब्या रिकामा करून अंथरूण भिजविणाऱ्यांनी तिचा आधार घेऊ नये.

सैतान झोपलेल्याच्या मानेवर तीन गाठी मारतो. अल्लाहच्या स्मरणाने पहिली, वुजूने दुसरी आणि नमाजने तिसरी सुटते व माणूस प्रसन्न होऊन उठतो, असे हदीसमध्ये आहे. (बुखारी) यातील क्रम पाहण्यासारखा आहे. पहिली गाठ जिभेने सुटते, ती अंथरुणातच. म्हणून पहिली हाक 'उठ' अशी असण्याऐवजी सलामची असावी आणि मुलाच्या तोंडून जागे होण्याची दुआ ऐकेपर्यंत तेथेच थांबावे. खिडकी उघडावी, दिवा लावावा. पाण्यापर्यंत मूल गेले की निम्मे काम झाले. फज्रनंतर सातची शाळा असेल तर पुन्हा आडवे होऊ देऊ नये, दहा मिनिटांची ती झोप अधिक सुस्ती आणते. शाळा दुपारची असेल तर सूर्योदयानंतर घटकाभर झोपण्यास हरकत नाही. उठण्याची वेळ एकदम दोन तास मागे आणण्याऐवजी झोपण्याची वेळ दर तीन-चार दिवसांनी पाव तास अलीकडे आणीत जावी. रमजानमध्ये हे सारे गणित बदलते. तेव्हा लहान मुलांना संपूर्ण तरावीहसाठी थांबविण्यापेक्षा काही रकाती अदा करून घरी पाठवावे आणि परीक्षा जवळ असेल तर खरेदीसाठी बाजारात रात्री जागविणे तरी टाळावे.

वर उल्लेखिलेल्या त्या मुलीचे उपचार सहा महिने चालले. रक्त भरून आल्यानंतरही डॉक्टरांनी आणखी काही महिने गोळ्या चालू ठेवल्या. दुकान बंद करण्याची वेळ तिच्या अब्बांना बदलता आली नाही; पण मुलांची जेवणे आता मगरिबनंतर होतात आणि रात्रीची भांडी भाऊ घासतो. फज्रला ती बहुतेक दिवशी पहिल्या हाकेत उठते. ज्या दिवशी उठत नाही, त्या दिवशी अम्मी दुसऱ्यांदा येऊन तिच्या उशाशी बसते आणि रात्री झोप नीट लागली होती का, असे विचारते.